अकरा हातमोजे

मेम्फिस, टेनेसी
मंगळवार, १२ मार्च २०१९

मिस व्हर्नेल,

आज सहाला उठलो. कामावर गेलो. शहरातल्या घरांचे पाण्याचे मीटर तपासायला येतात, ते तपासणं हे माझं काम. आज चौदा तपासले, पाच खोटं दाखवणारे निघाले. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. घरी येऊन कॉर्डेलच्या खुर्चीवरचे कपडे घडी करायला घेतले. दोन शर्ट झाले. आता साडेसहा वाजलेत आणि मी तुम्हाला पत्र लिहितो आहे, कारण माझा फोन तुम्ही दोनदा ठेवून दिलात.

शनिवारी तुमच्या मुलाचा अंत्यविधी थाटात झाला. तिथे वाटलेली पुस्तिका तर फारच सुंदर छापली आहे. बारा पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर ढग. सातव्या पानावर लिहिलं आहे की कॉर्डेल हॅथॉर्न, वय एकोणतीस, 'अल्पशा आजाराने' देवाघरी गेला. हा अल्पसा आजार वर्षभर माझ्या घरात होता. शेवटचे अकरा आठवडे मी त्याला उचलून न्हाऊ घालत होतो. तेव्हा त्याचं वजन अल्पसं होतं, एवढं मात्र खरं.

त्याच पानावर मागे राहिलेल्यांची यादी आहे. आई, भाऊ टाव्हियन, दोन आत्या, चौदा चुलत भावंडं 'आणि असंख्य मित्र'. सहा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. असंख्यांत माझा नंबर कितवा ते कळवलंत तर बरं होईल.

मला खांदेकरी करण्याची युक्ती तुमची की तुमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची, मला माहीत नाही, पण हुशारीची होती. 'मुला, तू धट्टाकट्टा दिसतोस, इकडे ये,' म्हणाले आणि हातात पांढरे हातमोजे ठेवले. खांदेकऱ्यांचा बाक वेगळा. घरचे लोक दोन-दोनच्या रांगेत आत आले, तेव्हा मी समोरच्या बाजूला पाच अनोळखी माणसांबरोबर बसून ती रांग पाहत होतो. मान दिल्यासारखं झालं आणि मी रांगेतही आलो नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. जेवणाच्या वेळी टाव्हियन हॉलमागे कचऱ्याच्या डब्यांजवळ उभा होता. ताटातल्या कॅटफिशला त्याने हात लावला नव्हता. मार्चच्या गारठ्यात त्याला घाम फुटला होता आणि कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनाबद्दल तो मला वीस मिनिटं न थांबता सांगत होता. त्याचा जबडा सारखा हलत होता. तो क्रिस्टल ओढतो, मिस व्हर्नेल, मेथ नावाची नशेची पूड. तीन दिवस झोपला नसावा. मला हे ओळखता येतं, कारण कॉर्डेल भेटायच्या आधी एक वर्ष माझाही जबडा असाच हलत होता.

ही पूड ओढणारी आमच्यासारखी पोरं पुढे कोणत्या खोल्यांमध्ये जातात, तेही मला माहीत आहे. तिथे कुणी नाव विचारत नाही. त्याला एचआयव्हीची तपासणी करायला घेऊन जा. बारा पानांत हा शब्द कुठे नाही, म्हणून मी इथे लिहिला. लागण नसेल तर ती होऊ नये म्हणून रोजची एक गोळी मिळते. असेल तर रोजच्या एका गोळीवर माणूस म्हातारा होतो. मी नऊ वर्षं घेतो आहे.

तुमच्याकडे आता एकच मुलगा उरला आहे.

लिनवुड पेटवे


हॅरो बेंड, मिसिसिपी
सोमवार, १८ मार्च

मिस्टर पेटवे,

पत्र मिळालं. पोस्टमनसमोर उघडलं नाही, ही देवाची कृपा.

एकतीस वर्षं मी चौथीच्या वर्गाला शिकवलं. मागच्या बाकावरून दुसऱ्यांच्या पोरांच्या चुगल्या करणारे तुमच्यासारखे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या स्वतःच्या वह्या कोऱ्या असायच्या.

कॉर्डेल तेविसाव्या वर्षी तुमच्या शहरात गेला. त्याआधी तो आमच्या चर्चमध्ये गात होता, दर शनिवारी माझ्या बहिणीचं अंगण झाडत होता, आणि त्याच्या अंगावर चांगलं मांस होतं. तुमच्याकडून तो पेटीत परत आला. या देशात काळ्या पोराला मरायला आधीच कारणं कमी नव्हती, मिस्टर पेटवे. तुम्ही आणि तुमच्या मंडळींनी त्यात आणखी एक शोधून काढलं, आणि आता मला त्याचं नाव पुस्तिकेत छापायला सांगता. ती पुस्तिका माझ्या वर्गातल्या लेकरांनी, त्यांच्या आईबापांनी घरी नेली आहे. अनेकांनी बायबलमध्ये ठेवली आहे.

टाव्हियनला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, 'आई, त्याला सांग, मला अक्कलदाढ येतेय. अक्कल त्याच्याकडे नाही म्हणून त्याला कळलं नाही.' बाविसाव्या वर्षी दाढ येते. वजन उतरलं ते शोकाने. माझंही उतरलं आहे. मीही काही ओढते असं लिहायचं असेल तर पुढच्या पत्रात लिहा.

एक गोष्ट तुम्ही सोयीने विसरलात. गेल्याच्या आधीच्या ऑक्टोबरात, म्हणजे दीड वर्षापूर्वी, कॉर्डेल घरी आला तेव्हा तो बरा होता. पूर्ण बरा. तीनशे माणसांनी पाहिलं. मग तो तुमच्याकडे परत गेला आणि पुन्हा आजारी पडला. यातून काय निष्कर्ष निघतो, ते चौथीतलं पोरही सांगेल.

आणि हातमोजे. सहा खांदेकरी, बारा हातमोजे. पेटी खाली सोडण्याआधी प्रत्येकाने आपली जोडी काढून पेटीवर ठेवायची, ही आमच्याकडची रीत तुम्हाला सांगितली होती. मी मोजले. अकरा होते. तुम्ही एकच ठेवलात आणि एक खिशात घातलात. चोरीच करायची होती, तर निदान जोडी तरी न्यायची.

मिसेस व्हर्नेल हॅथॉर्न


मेम्फिस
रविवार, २४ मार्च

मिस व्हर्नेल,

आज सुट्टी. गाडी धुतली. दुपारी झोपलो. तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

हातमोजा माझ्याकडेच आहे. कोटाच्या खिशात. पेटीवर ठेवला की खांदेकऱ्याचं काम संपलं, असा त्याचा अर्थ तुमच्या डीकनने सांगितला होता. मी खांदेकरी नव्हतो, म्हणून एक राहू दिला.

तुमचा निष्कर्ष चौथीपुरता ठीक आहे. पाचवीत गेल्यावर थोडी चौकशी करावी लागते. कॉर्डेलची आणि माझी ओळख एका दवाखान्याच्या बाकावर झाली. तो तिथे पहिल्यांदा आला होता, मी तिसऱ्या वर्षाचा जुना. त्याला हे मेम्फिसला येण्याआधीच झालेलं होतं. कुणाकडून, ते त्याने कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की तो माणूस गातो छान. तुमच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या किती रांगा आहेत, ते तुम्हाला ठाऊक.

क्रिस्टल मी त्याला दिलं नाही. पण तो कुठे जातो ते मला माहीत होतं. विमानतळाजवळच्या हॉटेलातली एखादी खोली, पडदे ओढलेले, चार पोरं आणि पिशवी घेऊन बसलेला एखादा दुप्पट वयाचा सद्गृहस्थ. शुक्रवार ते सोमवार. त्या खोल्यांत घड्याळ नसतं, त्यामुळे गोळीची वेळही होत नाही आणि सावधगिरीची आठवणही राहत नाही. एकदा मी त्याला विचारलं, 'तिथे काय मिळतं तुला?' तो म्हणाला, 'दोन दिवस मी कुणाचाच मुलगा नसतो.' हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. तुम्ही माझ्या मंडळींचा विषय काढलात, म्हणून सांगितलं.

तरी एक गोष्ट मला कळत नाही. त्या सप्टेंबरात त्याच्या रक्तात विषाणू शोधूनही सापडत नव्हता. इतका तो नीट होता. पुढच्या एप्रिलात सगळं ढासळलेलं. मधे काय झालं? तुम्ही ऑक्टोबर म्हणता. तीनशे माणसांनी नक्की काय पाहिलं?

अक्कलदाढ एका बाजूला येते. टाव्हियनचा जबडा दोन्ही बाजूंना हलत होता.

लिनवुड पेटवे


हॅरो बेंड
शुक्रवार, १२ एप्रिल

मिस्टर पेटवे,

मी तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त विचारते. टाव्हियन तीन तारखेला गेला. निळी पिशवी आणि कॉर्डेलचा लांब कोट घेऊन गेला. फोन बंद आहे. तुम्हाला दिसला का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. बाकीचे टोमणे नंतर लिहा, कागद काही संपत नाही.

तो गेल्यावर मी त्याची गादी उचलली. खाली काचेची एक नळी होती, टोकाला काळी झालेली. मी ती धुतली. का धुतली, ठाऊक नाही. हाताला सवय.

तुम्ही ऑक्टोबर विचारलात. विचारलात म्हणून सांगते. नाही तर ते आमच्या घरचं आहे.

ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्या पाचव्या रविवारी आमच्याकडे साक्षी देतात. देवाने ज्याच्यासाठी काही केलं असेल, तो उभा राहून सांगतो. कॉर्डेल उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, 'मला एक आजार होता, त्याचं नाव मी घेणार नाही. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, तुझ्या रक्तात तो सापडत नाही.' मग तो पुढे गेला, कोटाच्या खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि वेदीवर ठेवली. माणसं उठून उभी राहिली. पास्टरने त्याच्या कपाळाला तेल लावलं. मी चर्चच्या नर्सांची प्रमुख आहे, मिस्टर पेटवे. बावीस वर्षं इतर बायका कोसळल्या की मी त्यांना धरते, पंख्याने वारा घालते. त्या दिवशी मला तिघींनी धरलं.

'सापडत नाही' याचा दुसरा काही अर्थ असतो, असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात मीठ सापडत नाही, म्हणजे मीठ संपलेलं असतं.

नंतर पास्टरने ती बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, सांभाळून ठेवा, ही खूण आहे. मी ती चांगल्या भांड्यांच्या कपाटात ठेवली, ग्रेव्हीच्या भांड्यामागे. लेबल वाचलं नाही. चष्मा नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. चष्मा गळ्यातच होता.

त्याने गोळ्या पुन्हा केव्हा सुरू केल्या? तुम्ही एका घरात राहत होता. तुम्हाला माहीत असणार.

आणि टाव्हियन. हो की नाही?

व्हर्नेल हॅथॉर्न


मेम्फिस
मंगळवार, १६ एप्रिल

मिस व्हर्नेल,

हो.

तो माझ्या सोफ्यावर आहे, तीन तारखेपासून. त्याने शपथ घातली म्हणून कळवलं नाही, असं लिहिणार होतो. ते अर्धंच खरं आहे. तुम्ही वाट पाहत असाल, या विचाराने मला बरं वाटत होतं. तेरा दिवस बरं वाटलं.

आज कामावर गेलो नाही. तुमचं पत्र सकाळी आलं.

तुम्ही कपाटात ठेवलीत ती खूण नव्हती, तो उपचार होता. गोळ्या पोटात होत्या म्हणून विषाणू सापडत नव्हता. गोळ्या थांबल्या की तो पुन्हा सापडतो. हे कुठलाही दवाखाना दोन मिनिटांत सांगतो. तीनशे माणसं, एक पास्टर, एक निवृत्त शिक्षिका, आणि कुणाला एक फोन करावासा वाटला नाही. तेल मात्र हाताशी होतं.

हे इतकं लिहून मी उठलो होतो. तासाभराने परत बसलो. आता तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर.

त्याने मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं. तो भांडी घासत होता, मी पुसत होतो. म्हणाला, 'लिन, मी गोळ्या सोडल्यात. देवाने बरं केलंय मला.'

मी हसलो. म्हणालो, 'वा. मग रक्तही तुझ्या पास्टरलाच तपासू दे. सुईसुद्धा टोचायला नको.'

त्याने तीच बशी दोनदा घासली. पुढे आठवडाभर तो खोकला की मी विचारायचो, 'तेल आणू का?' मला वाटत होतं, लाजला की सुरू करेल. एक दिवस म्हणाला, 'घेतो आहे रे, पुरे कर.' त्यानंतर रोज सकाळी सिंकजवळ त्याचा ग्लास ओला, पालथा ठेवलेला दिसायचा. ओला ग्लास म्हणजे गोळी घेतली, असं मी धरून चाललो. पाच महिने. मी मीटर तपासणारा माणूस आहे, मिस व्हर्नेल. आत पाणी वाहतं आहे की नाही, हे नुसत्या काट्यावरून मानायचं नसतं, हे मी नव्या लोकांना शिकवतो.

मी पुन्हा विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं. माझ्या हसण्याला भिऊन तो अशा खोल्यांमध्ये जायला लागला, जिथे कुणीच कुणाला हसत नाही. एप्रिलात ताप आला तेव्हा कळलं. मग गोळ्या सुरू झाल्या, पण त्या खोल्यांमधून सुटणं झालं नाही. एक आठवडा गोळ्या, एक आठवडा नाही. दवाखान्यात जायला लाजायचा. शेवटी फुप्फुसं गेली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता टाव्हियन. तो आला तेव्हा दारातच म्हणाला, 'काय वहिनी, सोफा रिकामा आहे का?' दोन दिवस नुसता झोपला. उठला तेव्हा माझ्या फ्रिजमधलं सगळं खाल्लं आणि म्हणाला, 'दादा सांगायचा तू फार कंटाळवाणा आहेस. कमीच सांगायचा.' शुक्रवारी गेला, रविवारी आला. डोळे लाल, बोटं भाजलेली. कुठे होता ते मी विचारलं नाही, मला पत्ता माहीत आहे. मी फक्त म्हणालो, दवाखान्यात चल.

तो म्हणाला, 'कशाला?'

'तुझ्या भावाला जे होतं, ते तुला आहे का पाहायला.'

'दादाला काय होतं? आई म्हणते तो बरा झाला होता. मी स्वतः टाळ्या वाजवल्यात. पुस्तिकेत लिहिलंय अल्पसा आजार. तू म्हणतोस दुसरंच काही. बरा झालेला माणूस मरतो होय? कुणीतरी एकाने खरं सांगा ना मला.'

'मी सांगतोय.'

'तू वहिनी आहेस. आईने लिहून दिलं तर जाईन.'

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. चांगलं धारदार होतं. ते ऐकून तो त्याच दिवशी निळी पिशवी उचलून गेला असता. मी तोंड मिटलं आणि अंडी उकडायला ठेवली.

म्हणून आता मी तुमच्याकडे मागतो आहे, तुमच्यासारखं नुसतं विचारत नाही. त्याला लिहा. एक ओळ. त्या आजाराचं नाव, तुमच्या हाताने. तोही तुमच्या वर्गात होता म्हणे. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा तुमच्या अक्षरावर विश्वास आहे.

लिनवुड


हॅरो बेंड
सोमवार, २२ एप्रिल

लिनवुड,

काल ईस्टर झाला. मी चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर खरं सांगितलं, अशी तुझी कल्पना असेल तर ती पुसून टाक. मी बसले होते. गाणी झाली. पास्टरने विचारलं, सिस्टर हॅथॉर्न, आज उठणार नाही का? मी म्हटलं, गुडघा. पुढच्या रविवारीही गुडघाच दुखणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारचं आत्ता सांगता येत नाही.

सोबत पुस्तिकेची एक प्रत पाठवते. ती टाव्हियनला दे. सातवं पान उघडून दे. नाही तर ढगच बघत बसेल.

तू आधी वाचशील हे मला माहीत आहे, म्हणून सांगून ठेवते. 'अल्पशा आजाराने' हे मी खोडलं आहे आणि वर लिहिलं आहे, 'एचआयव्हीने. गोळ्या आईने कपाटात ठेवल्या होत्या.' यादीतलं 'असंख्य मित्र' खोडलं आहे. कॉर्डेलला असंख्य मित्र कधीच नव्हते. त्या जागी लिहिलं आहे, 'आणि लिनवुड पेटवे, ज्याने त्याला न्हाऊ घातलं.' एवढीच जागा होती.

तू हसलास, मी टाळ्या वाजवल्या. कुणाची चूक मोठी, हे मी ठरवणार नाही. आयुष्यभर लोकांचे पेपर तपासले, हा एक तसाच राहू दे. पण तेरा दिवस तू माझ्यापासून माझं पोर लपवलंस, ते मी विसरणार नाही. त्या तेरा दिवसांत मी दोन शवागारांना फोन केले.

टाव्हियनला भाज्या घाल. भेंडी बाजूला काढतो, ताटावर नजर ठेव. बाटली मी कपाटातून काढली. फेकली नाही. अजून कुठे ठेवायची ते ठरत नाही.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी कॉर्डेलचा दगड बसवणार आहोत. तू यायचंस. या वेळी हातमोजे देणार नाही. घरच्यांच्या रांगेत माझ्या डाव्या हाताला चालायचं. माझा डावा गुडघा खराब आहे, दुसरं काही कारण नाही. डीकन काही बोलले तर बोलू देत, त्यांचा मुलगाही छान गातो.

आणि तो हातमोजा घेऊन ये. त्याच्यासाठी मी जमीन उकरणार नाही, दगडाखाली ठेवू. धुऊन आण. आमच्याकडची माती पांढऱ्या कापडावरून सहज जात नाही. गार पाणी वापर, गरम पाण्याने डाग बसतो.

व्हर्नेल


मेम्फिस
रविवार, १९ मे

मिस व्हर्नेल,

आज सकाळी साडेसहाला उठलो. टाव्हियनही उठला. दोघांनी टेबलाशी बसून आपापली गोळी घेतली. तो चर्चला गेला नाही, मीही नाही. नंतर तो केशकर्तनालयात गेला. तिथे आठवड्यातून तीन दिवस केस झाडायचं आणि टॉवेल धुवायचं काम मिळालं आहे. घरात मी एकटा आहे.

उत्तराला उशीर झाला. काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

पुस्तिका मी त्याला त्याच दिवशी दिली. सातवं पान उघडून. तो दाराला टेकून उभ्यानेच वाचत होता. ते पान वाचायला एक मिनिट पुरतं, तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, 'आईने लाल पेन वापरलंय.'

'हो.'

'म्हणजे खरं आहे.'

पुढच्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. तेच बाक, त्याच निळ्या भिंती. मी ज्या जागी बसायचो तिथे तो बसला. मी सांगितलं नाही. रक्त घेणाऱ्या बाईने विचारलं, 'हे कोण तुझे?' मी मित्र म्हणणार होतो. तो म्हणाला, 'वहिनी. जरा उंच आहे, पण मनाची चांगली नाही.' ती बाई हसून बेजार झाली.

लागण नाही. आज तरी नाही. जूनमध्ये पुन्हा तपासायचं, कारण अगदी अलीकडची लागण अजून दिसत नसेल. लागण होऊ नये म्हणून रोजची गोळी सुरू केली आहे. क्रिस्टलसाठी मंगळवारी संध्याकाळी दहा-बारा पोरं एका खोलीत बसून बोलतात, तिथे जातो. म्हणतो की सगळी रडतात आणि कॉफी भिकार असते.

सगळं चांगलंच लिहिलं, तर मी तुमच्या पुस्तिकेसारखा होईन. दहा तारखेला, शुक्रवारी, तो गेला. शनिवार, रविवार नाही. मी दवाखान्यांना फोन केले. शवागारांना केले नाहीत, पण नंबर लिहून ठेवले. तुम्ही काय केलं असेल, ते तेव्हा कळलं. सोमवारी सकाळी दार वाजलं. पायात एकच बूट, कॉर्डेलच्या कोटाला ओठातलं रक्त लागलेलं. माझ्या तोंडात लगेच आलं, दुसरा बूट वेदीवर ठेवलास का? हे अजूनही आपोआप येतं, मिस व्हर्नेल. ते जाईल असं मला वाटत नाही. फक्त ते बाहेर पडण्याआधी मी काहीतरी दुसरं म्हणायला शिकतो आहे.

मी म्हणालो, 'अंडी खाणार?'

त्याने चार खाल्ली. मग ताटाकडे बघत, मी न विचारता, म्हणाला, 'तीन गोळ्या चुकल्या. शुक्रवार, शनिवार, रविवार. तिथे असताना कुणी कंडोमही वापरला नाही.'

मी म्हणालो, 'फोन करून विचारू या, काय करायचं ते.'

'ओरड ना जरा. तू गप्प असलास की मला भीती वाटते.'

'मग भी.'

तो हसला. दवाखान्याने दुपारीच बोलावलं आणि धोका होऊन गेल्यावर घ्यायच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या, महिनाभर दिवस न चुकवता घ्यायच्या. आज सातवा दिवस. सकाळी तो मुद्दाम जीभ बाहेर काढून दाखवतो. 'बघा सिस्टर, गिळली.' मी बघतो. ओल्या ग्लासावर मी आता विश्वास ठेवत नाही. भेंडी अजूनही बाजूला काढतो.

पुस्तिका त्याने निळ्या पिशवीत ठेवली आहे. गेला तेव्हा पिशवी इथेच ठेवून गेला होता. त्या तीन दिवसांत मला त्या पिशवीचाच काय तो आधार होता.

जूनमध्ये आम्ही दोघं येऊ. तो आलाच पाहिजे असं मी धरून चाललेलो नाही, पण गाडीत दोघांची जागा आहे. तुमच्या डाव्या हाताला मी चालेन. गुडघा हेच कारण आहे, असं मीही सांगेन.

इतकं लिहून मी उठलो. कोटाच्या खिशातून हातमोजा काढला. तळव्यावर हॅरो बेंडची माती कडक झाली आहे, अंगठ्यावर त्या दिवशीच्या फुलाचा पिवळा डाग आहे. सिंकमध्ये गार पाणी सोडलं, साबण लावला, एकेक बोट चोळलं. माती गेली. डाग थोडा राहिला. पिळून खिडकीच्या कडीला अडकवला आहे. खाली थेंब पडत होते, म्हणून ग्लास ठेवला.

लिनवुड